साडेतीन नंबरचा न्याय

डिसेंबर-जानेवारीत आमच्याकडे वाळवंटाकडून कोरडा वारा सुटलेला असतो. ओठ फुटतात, टाचा फुटतात, आणि दोरीवर वाळत घातलेले कपडे धुतलेले की मळवलेले हे घालणाऱ्यालाही सांगता येत नाही. सूर्य उगवतो, पण दुधात पडलेल्या बिस्किटासारखा. अशा सकाळी नायजेरियातल्या आमच्या ओग्बोमोशो गावच्या ओके-इपादे गल्लीत ज्याची त्याची कामं ठरलेली. इया पोजू कोपऱ्यावर कढई चढवून चवळीच्या पिठाचे अकारा तळायला बसायची. बाया नाकाला पदर लावून अंगणं झाडायच्या. आणि रफीऊ ओकनलावोन हातात फाटकी बनियन घेऊन ट्रान्सफॉर्मर पुसायचा.

हो, ट्रान्सफॉर्मर. लोक सकाळी उठून शेळीच्या अंगावरून हात फिरवतात, हा डीपीच्या अंगावरून फिरवायचा. तेही खालच्या अंगाला, हात पोचेल तेवढाच. वर तारांपाशी जायची त्याची छाती नव्हती.

रफीऊचं सगळं आयुष्य सॉमिलमध्ये गेलं. फळ्यांवर खूण करायची आणि निम्म्यावर कापायला द्यायच्या, एवढंच काम. साठीला आल्यावर मालकाने त्यालाही कापला. मग तो घरी बसून दोन खोल्यांचं भाडं खायचा आणि गल्लीला शहाणपण वाटायचा. लोकांनी त्याला अल्हाजी म्हणावं अशी त्याची फार इच्छा. हज काही झाला नव्हता. एकदा हजला चाललेल्या शेजाऱ्याला विमानतळावर सोडून आला होता, त्या पुण्याईवर. आम्ही म्हणायचो अल्हाजी. म्हणायला काय पेट्रोल लागतं?

डीपी गल्लीने वर्गणी काढून घेतला होता. कंपनी देईल म्हणून वाट बघत बसलो असतो तर आमची नातवंडंसुद्धा कंदिलावर अभ्यास करत असती. तो बसवायला जागा हवी होती, तेव्हा रफीऊने आपल्या दारापुढची गटाराकाठची पट्टी दान दिली. त्या पट्टीवर त्याच्या शेळ्या मुतायच्या. दान दिल्यावरही मुतत राहिल्या. पण दानशूर म्हटल्यावर किल्ली त्याच्याकडेच जाणार. किल्ली कसली, तर डीपीच्या कुशीला टॅपची एक मूठ असते, तिच्यावरच्या झाकणाची.

त्या मुठीवर एक ते पाच आकडे. डीपीच्या पोटात तांब्याच्या तारेचे वेढे असतात. मूठ फिरवली की कंपनीकडून येणाऱ्या बाजूचे काही वेढे धरले जातात, काही सोडले जातात. त्या बाजूचे वेढे कमी झाले की आपल्या बाजूला व्होल्टेज चढतं, जास्त झाले की उतरतं. आमच्या डीपीवर एकला सगळ्यात कमी, पाचला सगळ्यात जास्त. चढायचं म्हणजे तरी किती, तर भाकरीवर चिमूटभर मीठ. पण अळणी खाणाऱ्याला चिमूटही पुरते. एक नियम मात्र पक्का होता. लाईट चालू असताना मुठीला हात लावायचा नाही. तो पाळणं आम्हाला कधीच जड गेलं नाही. आमच्याकडे लाईट चालू असणंच जड होतं.

गल्ली लांब आणि उताराची. वरच्या टोकाला रफीऊ आणि डीपी, खालच्या टोकाला आम्ही. तारेतून येणारा करंट म्हणजे लग्नातलं पातेलं. वरच्या पंगतीने ताटं भरली की खालच्या पंगतीला खरवड. वर पंखे गरगरायचे, आमच्या पंख्याची पाती मोजता यायची. बल्ब पिकल्या पपईसारखा पिवळा. आणि रफीऊने मूठ दोन नंबरावर ठेवलेली, कारण त्याच्या घरी दोनावर सगळं झकास चालायचं.

आमच्या टोकाच्या शेवटच्या खांबाखाली सिलिफातू राहायची. विधवा, चाळिशीची, हाताने उरकती आणि तोंडाने त्याहून उरकती. बर्फाची मासळी विकायची. तिच्याकडे छातीएवढा मोठा फ्रीजर होता, पण तो आमच्या व्होल्टेजवर चालायला तयार नव्हता. घुर्र करायचा आणि गप. सकाळी आणलेली मासळी संध्याकाळपर्यंत खपली तर खपली, नाहीतर चुलीवर धुरी देऊन निम्म्या भावाने घालवायची. एक फ्रीजर चालला असता तर ती बाई पेठेतल्या व्यापाऱ्यांच्या नाकावर टिच्चून उभी राहिली असती. तिला दुसरं काही नको होतं.

प्रत्येक मीटिंगला ती उभी राहायची.

"आल्हाजी, माजा फ्रीजर बघा, म्हाताऱ्या नवऱ्यागत करतोय. नुसता घुरघुरतो, काम काय न्हाई. जरा नंबर चढवा की वं."

रफीऊ दाढी कुरवाळत म्हणायचा, "पोरी, पाच नंबर म्हंजे काय पोरखेळ वाटला? पाचावर डीपीचं त्याल आटतं. त्याल आटलं की फुटतो. फुटला की परत वर्गणी. हाय तयारी?"

तेल आटतं हे त्याला कोणी सांगितलं होतं ते त्यालाच ठाऊक. पण वर्गणी म्हटलं की आमची तोंडं शिवली जायची. अख्खी गल्ली तेलावर विश्वास ठेवून घरी जायची, आणि खालच्या टोकाचे आम्ही अंधारात ठेचकाळत जायचो.

मग काय झालं कोण जाणे, रफीऊला मासळी आवडायला लागली. घरी हुमुआनी, त्याची थोरली बायको, मटणाचा रस्सा करून वाट बघतेय, आणि हा रोज संध्याकाळी उतार उतरून शेवटच्या खांबाखाली. उरलासुरला मासासुद्धा वास घेऊन "वा" म्हणायचा.

"बाबा," सिलिफातू एक दिवस म्हणाली, "माजी मासळी नासती ती तुमच्या दोन नंबरानं. आन् वर तुमी वास बी आवडीनं घेताय?"

"सिलिफा, मी निका लावतो तुझ्याशी."

"बरं."

"सुटकेस भरून कापडं देतो. लेस देतो. घड्याळ."

"कापडं नगं. पाच नंबर द्या."

"अगं, पन त्याल आटतं—"

"तेलाचं मी बघती. नंबराचं बोला."

तो तीन दिवस आला नाही. मग आला. बाईसाठी माणूस धर्म सोडतो, घर सोडतो. रफीऊने सिद्धांत सोडला.

लग्नाच्या दुपारी नेहमीप्रमाणे लाईट गेलेली होती. मशिदीतल्या अल्फांनी, म्हणजे मौलवींनी, निका लावला, कोलाचं फळ फोडून वाटलं, मध चाटवला. आणि वऱ्हाड जेवायला बसलेलं असताना नवरदेव आगबाड्याचा झुलता पायघोळ झगा सावरत उतार चढून गेला, झाकणाचं कुलूप काढलं आणि मूठ पाचावर लावून आला. दिवेलागणीला लाईट आली तेव्हा आमच्या टोकाला अशी आरोळी उठली की वरच्या लोकांना वाटलं मारामारी सुरू झाली. बल्ब पांढरे! शिंप्याची इस्त्री तापली! आणि सिलिफातूचा फ्रीजर घुर्र करून गप झाला नाही. घुर्र करतच राहिला. नवरी लग्नाच्या कपड्यांतच त्याला कान लावून उभी होती. नवरा शेजारी उभा होता, त्याच्याकडे कोणी बघत नव्हतं.

वरच्या टोकाला मात्र हुमुआनीच्या स्वयंपाकघरातला बल्ब फटकन फुटला. रात्री गल्लीतली घरं एकेक करून झोपली, तसं वरचं व्होल्टेज आणखी चढलं. तिचा स्टॅबिलायझर पालीसारखा टकटक करायला लागला.

हुमुआनी मोठ्या अंगाची आणि बारीक आवाजाची. ती ओरडत नसे. ओरडली असती तर बरं, असं रफीऊच म्हणायचा.

"सिकिरूच्या बापा," सकाळी ती म्हणाली, "लगीन तुमचं आन् बल्ब माजा फुटला. नवी नवरी उजेड घिऊन आली म्हनत्यात. मला तर रात्रभर काच येचावी लागली."

"अगं, आता शब्द दिलाय—"

"द्या की. मी कुठं न्हाई म्हनते? दोगींची पाळी ठरलीया न्हवं? दोन रात्री तिकडं, दोन रात्री हिकडं. मंग नंबराची बी पाळी. ज्या घरात तुमचं ताट, त्या घरचा नंबर."

यात बोट ठेवायला जागा नव्हती. दोन बायका, फजिती ऐका, असं आपल्यात म्हणतात. आमच्या गल्लीत ती ऐकायची गरज नव्हती, बल्बात दिसायची. पाळी बदलली की म्हातारा लाईट जायची वाट बघत किल्ली घेऊन बसायचा. कंपनीने त्याला कधी ताटकळत ठेवलं नाही. लाईट गेली की लगबगीने झाकण उघडायचा, बिस्मिल्ला म्हणून मूठ फिरवायचा आणि हात भाजल्यासारखा मागे पळायचा. मध्येच लाईट आली असती तर दोघी एकदमच विधवा झाल्या असत्या.

आम्हाला चौकशी करावी लागत नसे. शिंपी गनियू इस्त्रीला बोट लावून सांगायचा, "थंडगार. म्हातारा थोरलीकडं हाय."

इया पोजू कढईत झारा फिरवत म्हणायची, "आन् परवा वर चार बल्ब गेले. म्हातारं धाकटीकडं लई जोमात व्हतं वाटतं."

एकदा त्याला ताप आला आणि तो थोरलीकडेच अंथरुणाला खिळला. दोन नंबर हलेना. तेव्हा खालच्या टोकाच्या आम्ही लोकांनी मिळून त्याला बोकडाचं झणझणीत पेपर सूप पाठवलं. म्हातारा बरा व्हावा म्हणून नव्हे. उतार उतरण्यापुरता व्हावा म्हणून. नमाजात दुसऱ्याच्या कंबरेसाठी मागितलेली दुआ जगात एवढी एकच असेल.

मग चर्चचे डीकन ओयेडोकुन यांची आई वारली. नव्वदीची म्हातारी, नातवंडं-पतवंडं बघून गेलेली. अशा मरणाचं आमच्याकडे दुःख नसतं, जेवण असतं. म्हातारीला शवागारात ठेवून घरच्यांनी मोठ्या मेजवानीचा दिवस धरला, आणि मासळीची सगळी ऑर्डर सिलिफातूला दिली. असलं काम तिला जन्मात मिळालं नव्हतं. तिने होतं नव्हतं ते घालून कार्टनच्या कार्टन मासळी आणली आणि फ्रीजर गळ्यापर्यंत भरला. जेवण शनिवारी होतं. आणि त्या गुरुवारी पाळी लागत होती थोरलीची.

"ह्या टायमाला पाळी ऱ्हाऊ द्या," सिलिफातू म्हणाली. "दोनावर फ्रीजर बंद पडला तर मासळी न्हाई, मी नासते. शनवारपातुर पाच."

हुमुआनीने ऐकून घेतलं. तिच्या सिकिरूने त्याच आठवड्यात लागोसहून भिंतीएवढा टीव्ही पाठवला होता.

"पाच लावा की," ती म्हणाली. "मी टीव्हीला काळं कापड बांधून ठेवते. म्हंजे जळला की मयतीची तयारी झालेलीच असंल."

रफीऊला दोन दिवस अन्न गोड लागेना. त्यात शुक्रवारी मशिदीत अल्फांनी नेमका विषय काढला. ज्याला दोन बायका आहेत आणि जो त्यांच्यात न्याय करत नाही, तो कयामतीच्या दिवशी एका अंगाने लुळा उठेल. रफीऊने तिथल्या तिथे आपला डावा खांदा चाचपला. तो महिनाभर आधीच धरलेला होता.

मशिदीतून तो घरी आला नाही. लाईट गेलेलीच होती. तो सरळ डीपीपाशी गेला. गुरुवार उलटला तरी मूठ पाचावरच होती, त्याच्याने फिरवणं झालं नव्हतं. त्याने बोटांवर हिशेब केला. थोरलीचे दोन, धाकटीचे पाच, झाले सात. सातांचे निम्मे साडेतीन. जन्मभर फळ्या निम्म्या केलेल्या माणसाला निम्मं करणं येत होतं.

आता, मुठीला प्रत्येक आकड्यापाशी खाच असते आणि तिच्यात खिळा बसतो. साडेतीनला खाच नव्हती. म्हणून त्याने खिळा उपसून ठेवला, मूठ तीन आणि चारच्या बरोबर मध्यावर आणली, एक डोळा मिटून नेम बघितला आणि चिंधीने घट्ट बांधली. मग घरी जाऊन पायावर पाय टाकून बसला.

"आज मी न्याय केलाय," तो म्हणाला.

हुमुआनी म्हणाली, "कुनाचा?"

दुपारच्या जेवणाला ती कसाव्याच्या उकडीचा, एबाचा गोळा वाढत होती तेव्हा लाईट आली. म्हणजे तारांपर्यंत आली. डीपीच्या पोटात लोखंडी कढईत हरभरे भाजावेत तसं तडतडलं, मग तो माजावर आलेल्या रेड्यासारखा हुंबरला, आणि खांबावरचा डीओ, म्हणजे फ्यूज, असा उडाला की शेळ्यांनी दावी तोडली. धूर. करपट तेलाचा वास. रफीऊच्या हातातला घास रश्श्यात पडला.

शनिवारचं जेवण डोक्यावर आलेलं, म्हणून गल्लीने धावाधाव करून संध्याकाळच्या आत वायरमन आणला. त्याने वर जाऊन लाईन अलग केली, खाली उतरून झाकण उघडलं आणि चिंधीकडे बघत राहिला.

"हे कुनी बांधलं?"

"न्यायासाठी बांधलंय," रफीऊ म्हणाला.

"बाबा, हितं तीन हाय आन् चार हाय. मधी कुनी ऱ्हात न्हाई."

"पन साडेतीन म्हंजे दोघींच्या—"

"मधी तारेचं टोकच न्हाई वं! दोन खांबांच्या मधी पाय टेकाय गेला तर खाली पडशीला का न्हाई? तसंच करंटाचं." त्याने चिंधी सोडून रफीऊच्या हातात दिली. "डीओ टायमावर उडाला म्हनून पोट वाचलं असंल. तपासायचं मशीन येईपातुर लाईट न्हाई. ना वर, ना खाली."

मूठ तीनावर बसवून, खिळा ठोकून त्याने कंपनीचं सील मारलं. रफीऊच्या हातात किल्ली राहिली. तिने उघडण्यासारखं काही राहिलं नाही.

लाईट नाही हे ऐकल्यावर सिलिफातू रडली नाही. तिने फ्रीजरचं झाकण उघडलं नाही, वरून हात ठेवून बघितलं, चार गोधड्या टाकल्या. मग डोईचं फडकं नीट बांधलं आणि उतार चढून थोरलीच्या दारात गेली. हुमुआनी स्टुलावर बसून भाजीची पानं खुडत होती. सिलिफातू गुडघ्यांवर टेकली.

"थोरल्या बाई, दिवसभराचं बरं झालं न्हवं?"

"बरंच की. नवरा न्याय करायला लागलाय. आनि काय पायजे?"

"माजी मासळी जाईल, बाई. पाझरायला लागली का मग देवाला बी ठेवता येत न्हाई."

"दोन नंबर चालला असता तर पाझरली नसती?"

"पाझरली असती. पन माज्या घरात पाझरली असती. आता समद्या गल्लीत वास येईल, आन् वर तुमच्या टीव्हीपातुर येईल."

हुमुआनीची बोटं थांबली. हसू आलं होतं, ते तिने पानांच्या टोपल्यात घातलं.

"सिकिरूचा जनरेटर हाय मागं," ती म्हणाली. "मासळीत निम्मी भागी."

"पाव."

"पावात जनरेटर बी पावच चालतो."

"तिसरा हिस्सा. पेट्रोल माजं."

"आन् फ्रीजर हितं. माज्या बैठकीत. त्यो सोफा काढू, तसा बी त्यावर ह्योच लोळत असतो."

दोघींनी एकदम रफीऊकडे बघितलं. तो दारात उभा होता.

"ह्यांचं काय करायचं?" सिलिफातूने विचारलं.

"कार्टन फोडायला व्हतील."

त्याच रात्री आम्ही खालच्या टोकाच्या माणसांनी फ्रीजर हातगाडीवर घालून, घामाघूम होऊन, चढाने वर ढकलत नेला. वाटेत गाणंसुद्धा म्हटलं. शनिवारी डीकनच्या आईच्या नावाने पेठेतली अर्धी माणसं बोटं चाटत जेवली. मासळी एक तुकडा नासली नाही. सिलिफातूला दुसऱ्या दिवसापासून पेठेतून निरोप यायला लागले.

मशीन आलं, तपासणी झाली, लाईट आली. फ्रीजर काही खाली आला नाही. चांगल्या व्होल्टेजची चटक माणसाला लागते तशी यंत्रालाही लागत असावी. धाकटीने आपलं खालचं घर भाड्याने दिलं आणि ती थोरलीच्या मागच्या खोलीत राहायला गेली. दोघी आता एका ताटात जेवतात. रफीऊची पाळी कुठे असते ते बल्बावरून कळत नाही. त्याला तरी कळतं की नाही, देव जाणे.

आमच्याकडे तीनावर काय होतं विचाराल तर बल्ब पपईवरून आंब्यावर आला आहे. गनियू कोळशाच्या इस्त्रीवर कपडे करतो. परवाच्या मीटिंगला तो उभा राहिला.

"कंपनीकडं अर्ज करू. सील काढून चार तरी लावा म्हनावं. आमी बी वर्गणी दिलीय."

रफीऊ काही बोलायच्या आत सिलिफातू उठली. "चार लावलं आन् रातच्याला वर व्होल्टेज चढून माजा कॉम्प्रेसर जळला तर भरून कोन देनार? तू?"

"अगं, कालपातुर तू आमच्यातली व्हतीस!"

"व्हते की. तवा तुमी काय केलं? माज्या लग्नात मटान खाल्लं."

मटण खाल्लं होतं. हाडंसुद्धा चोखली होती.

मीटिंग उठल्यावर गनियू रफीऊच्या मागोमाग अंगणात गेला. "आल्हाजी, तुमी सांगा की दोगींना. डीपी तुमच्या दारात हाय."

रफीऊने घराकडे बघितलं. आत थोरली पैसे मोजत होती, धाकटी तराजू पुसत होती. त्यांच्यापैकी कोणीतरी बारीक आवाजात म्हणालं, "गिऱ्हाईक उभं हाय."

"तुला किती पायजे? किलोभर?" रफीऊने गनियूला विचारलं. उत्तराची वाट न बघता त्याने बर्फाने दगड झालेलं कार्टन डोक्यावर उचललं, डावा खांदा सांभाळत जमिनीवर आपटलं, आणि फुटलं नाही म्हणून पुन्हा उचललं.